को जागर्ति

कोजागिरीला गच्चीवर दूध आटवायची पद्धत आमच्या मैलुरात आता बरीच मागे पडली आहे. मैलूर म्हणजे बीदरला लागून असलेले आमचे गाव. शहर वाढत वाढत आले आणि गाव त्यातच जमा झाले. तरी माझ्या आईने सुरू केलेली ही रीत पत्नीने सोडलेली नाही. आई सांगायची, कोजागिरीच्या मध्यरात्री लक्ष्मी दारोदार फिरते आणि विचारते, 'को जागर्ति?' कोण जागे आहे? जो जागा असेल त्याच्या घरी ती थांबते. हे खरे असते तर आमच्या घरी सोन्याच्या विटा असायला हव्या होत्या. कारण आमच्या घरी कित्येक वर्षे रोजच कोजागिरी होती.

मी काही लेखक नव्हे. चोवीस वर्षे फौजेत काढली आणि २०१२ साली हवालदार म्हणून घरी आलो. माजी सैनिकाने दिवाळी अंकात लिहायचे म्हणजे लढाईच्या गोष्टी लिहाव्यात, अशी वाचकांची अपेक्षा असते. त्या गोष्टी सांगणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. मला लिहायचे आहे ते माझ्या थोरल्या मुलाविषयी. त्याला विचारूनच लिहितो आहे. 'लिहा, फक्त नाव घालू नका,' असे तो म्हणाला, म्हणून इथेही तो 'थोरला'च.

मी १९८८ साली बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये भरती झालो. तिथे उदगीर-निलंग्याकडची पोरेही भेटत. १९५६ साली जुना बीदर जिल्हा फुटला, उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो; पण पलटणीत हा हिशेब कोणी काढत नसे. पुढे राष्ट्रीय रायफल्सची मुदत कुपवाड्याकडे झाली. थोरला जन्मला तो १९९९ च्या ऑगस्टमध्ये. कारगिलची लढाई नुकतीच संपली होती. लोक अजूनही विचारतात, 'कारगिलला होतात का?' नव्हतो. मी होतो तिथल्या लढाईला नाव नव्हते. रात्री दबा धरून बसायचे, पहाटे परत यायचे, आणि एखाद्या पहाटे परत येणाऱ्यांत एक जण कमी असायचा. मुलाचे तोंड पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. मला पाहून रडू लागला आणि मी त्याला त्याच्या आईच्या हाती परत दिला.

निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पेन्शन सुरू झाली, घराला वरचा मजला चढला, लोक 'फौजी' म्हणून मान देत. मी मात्र रात्री दाराची कडी तीन-तीनदा पाहायचो. गच्चीचे दार, मागचे दार, फाटक. बसायचो ते भिंतीला पाठ लावून. स्वयंपाकघरात ताट पडले की माझ्या तोंडून ओरड निघायची, आणि मग ती माझ्याच्याने आवरत नसे. बीदरच्या हवाई तळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. विमाने घरावरून गेली की माझा घास हातातच थांबे. दिवाळीत फटाके सुरू झाले की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो आणि 'डोकं दुखतंय' म्हणायचो. मुलांवर हात कधी उचलला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. दोनदा उचलला. दोन्ही वेळा कारण काय होते ते मला आठवत नाही, थोरल्याला आठवते.

हे सगळे मी माझा स्वभाव समजत होतो. घरातले लोकही तसेच समजत. माझ्या पावलांच्या आवाजावरून दिवस कसा जाणार ते मुले ओळखत. धाकटी तरी आईच्या आडोशाला जाई. थोरला कुठे जाणार? लहानपणी दोन गावच्या केंद्रीय विद्यालयांत तो हिंदीतून शिकला, मग इथे येऊन आठवीत कन्नडशी गाठ पडली. वर्गात कन्नड, गल्लीत दखनी, घरात मराठी आणि बापाशी फौजी हिंदी. चार भाषा त्याला आल्या. मनातले सांगायला त्यातली एकही उपयोगी पडली नाही.

२०१७ साली तो दुसऱ्या पीयूसीला होता. आधी त्याची झोप गेली. मग जेवण कमी झाले. कॉलेजला म्हणून निघायचा आणि बसस्टँडवर बसून परत यायचा. छाती धडधडते, हात गार पडतात, आता काहीतरी वाईट होणार असे वाटते, एवढेच सांगायचा. परीक्षेला बसला नाही. त्याच्या आईने खानापूरच्या मैलार मल्लण्णाचा भंडारा आणून कपाळी लावला. मेहुणा म्हणाला, 'काही नाही, लगीन करून टाका.' आणि मी म्हणालो, 'भरतीला पाठवतो, सहा महिन्यांत सरळ होईल.' तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी पूर्वी पाहिली होती. कुपवाड्यात, नव्याने आलेल्या एका पोराच्या डोळ्यांत.

तरीही मी हललो नाही. हलवले ते आमच्या एका जुन्या सुभेदारसाहेबांनी. कॅन्टीनच्या रांगेत मुलाची चौकशी त्यांनी केली आणि मी उडवाउडवी केली. ते म्हणाले, 'हवालदार, गुडघा दुखला की कार्ड घेऊन पळतोस. त्याच कार्डावर डोकंही येतं, आणि पोराचंही येतं. कार्ड वाचलंस का कधी?'

वाचले नव्हते. माजी सैनिकांची आरोग्य योजना, जिला आपण सगळे ईसीएचएस म्हणतो, १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी भरायची आणि पुढे पेन्शनर, त्याची पत्नी व अवलंबून असलेली मुले यांना उपचार मिळतात. आधी पॉलिक्लिनिकात दाखवायचे. तिथल्या डॉक्टरला गरज वाटली तर तो चिठ्ठी देतो. ती घेऊन लष्करी किंवा योजनेतल्या रुग्णालयात जायचे. मनाच्या आजारालाही हीच वाट आहे. वेगळी खिडकी नाही, वेगळा अर्ज नाही. पाच वर्षे ते कार्ड माझ्या खिशात होते.

आता वाट कळली, तरी तोंड उघडावे लागते. पहिल्यांदा मी थोरल्याला घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारले, 'क्या तकलीफ है?' मी म्हणालो, 'पेट में गडबड है, साब.' पोटाच्या गोळ्या घेऊन आम्ही परत आलो. रिक्षात थोरला म्हणाला, 'अण्णा, माझं पोट कधी दुखलं?' मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्यांदा त्याची आई बरोबर आली. आदल्या रात्री ती मला विचारत होती, 'काय म्हणायचं हो तिथं? वेड म्हणायचं नाही. मग काय म्हणायचं?' आम्ही दोघे अंथरुणावर बसून शब्द शोधत होतो. 'मनाचा आजार' हे पुस्तकी वाटले. 'डोक्यात फरक' म्हटले तर भलतेच समजतील. शेवटी तिलाच सुचले. 'त्रास' म्हणू. मराठीतही त्रास, कन्नडातही त्रास, हिंदीवाल्यालाही थोडाफार कळतो. दुसऱ्या दिवशी तिने सरळ सांगितले, 'साहेब, मुलाच्या जिवाला त्रास आहे. झोपत नाही. घाबरतो.' डॉक्टरांनी एक अक्षर न बोलता चिठ्ठी लिहिली. ज्या शब्दासाठी आम्ही वर्ष घालवले तो असा दोन अक्षरांचा होता. वाचकांपैकी कोणी त्याच दारात उभे असेल तर त्याला सांगतो, आजाराचे नाव आपण सांगायचे नसतेच, ते काम डॉक्टरचे. आपण झोप, भूक, भीती आणि किती दिवसांपासून, एवढेच सांगायचे.

मनाचे डॉक्टर कन्नड भाषिक होते. थोरल्याला त्यांनी विचारले, 'निद्दी बरतदेनु?' झोप येते का? तो बराच वेळ त्यांच्याशी कन्नडातून बोलला. मी बाहेर होतो. मला नंतर वाटले, ती भाषा त्याला सोपी गेली असावी, कारण ती बापाची नव्हती. मग त्यांनी मला आत बोलावले. मला वाटले, औषध कसे द्यायचे ते सांगतील. त्यांनी विचारले, 'रात्री तुमच्या घरात कोण जागं असतं?'

मी म्हणालो, 'मी.'

'किती वर्षांपासून?'

मी गप्प राहिलो. थोरला म्हणाला, 'मला आठवतं तेव्हापासून.'

ते उत्तर ऐकून मला जे वाटले ते मी लिहू शकत नाही. मुलगा रात्री जागा का असतो, याचा शोध मी वर्षभर घेत होतो. तो जागा असायचा कारण पलीकडच्या खोलीत मी जागा असायचो. मी कडी तपासायचो, म्हणजे दाराबाहेर काहीतरी असले पाहिजे, एवढेच त्या पोराने माझ्याकडून घेतले होते. डॉक्टरांनी मला दोष दिला नाही. ते म्हणाले, सगळे काही बापाकडूनच येते असे नाही. वय असते, परीक्षा असते, रक्तातलेही काही असते. पण घर झोपले तर मुलाला झोपणे सोपे जाईल.

पुढे बीदरच्या वाचनालयात आणि भाचीच्या मदतीने मी यावर थोडे वाचले. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी युद्धावरून आलेल्यांच्या या अवस्थेला १९८० साली आजार म्हणून अधिकृत नाव दिले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या घरांचा तिथे पुढे अभ्यास झाला, तेव्हा ज्या बापाला हा आजार होता त्याच्या मुलांतही वागण्याच्या अडचणी अधिक आढळल्या. ऑस्ट्रेलियाने व्हिएतनामच्या सैनिकांसाठी १९८२ साली समुपदेशनाची सेवा काढली. २००० साली तिथे एक सरकारी अहवाल निघाला. त्या सैनिकांच्या मुलांत आत्महत्येचे प्रमाण इतर लोकांच्या सुमारे तिप्पट निघाले. आज त्या सेवेचे नाव ओपन आर्म्स आहे आणि सैनिकाइतकाच त्याच्या बायको-मुलांचाही तिच्यावर हक्क आहे. आपल्याकडे सैनिकाच्या मुलाच्या शिक्षणाला मदत आहे. पंतप्रधानांच्या नावाची शिष्यवृत्ती २००६ पासून आहे, तिच्यात २०१९ पासून मुलाला महिना २,५०० आणि मुलीला ३,००० रुपये मिळू लागले. पण शिकायला बसणारे पोर रात्री झोपते का, हे विचारणारी वेगळी योजना मला कुठे सापडली नाही. जे आहे ते बापाच्या कार्डावर आहे, आणि बापाने तोंड उघडले तरच आहे.

थोरल्याच्या गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधी सांगितले होते म्हणून आम्ही धीर धरला. मधे बरे वाटले म्हणून त्याने परस्पर बंद केल्या आणि दोन महिन्यांत पुन्हा बसस्टँडवर बसू लागला. पुन्हा सुरुवात. २०२० साली तो पीयूसी झाला, मग एका छापखान्यात जाऊ लागला. काही महिने काम चाले, काही महिने नाही. असे चालले असताना एके दिवशी पत्नीने विचारले, 'अहो, याचं कार्ड कधीपर्यंत आहे?'

ईसीएचएसमध्ये मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत उपचार मिळतात. त्याआधी तो कमावता झाला किंवा त्याचे लग्न झाले, तर तेव्हाच बंद. मुलीला वयाची अट नाही; ती कमावती होईपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत. मुलाला किंवा मुलीला चाळीस टक्के वा त्याहून अधिक कायमचे अपंगत्व असेल, मग ते शरीराचे असो वा मनाचे, तर अवलंबून आहे तोवर जन्मभर. मनाचा आजार हेही अपंगत्व असू शकते, हे २०१६ च्या कायद्याने मान्य केले आहे. वैद्यकीय मंडळ तपासते. स्वतःची काळजी घेता येते का, माणसांत मिसळता येते का, बोलणे-समजणे कसे आहे, काम होते का, असे पाहून टक्के ठरवतात.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये थोरल्याला पंचवीस पूर्ण होणार होती. मी लोखंडी पेटीतून सगळे कागद काढले आणि डॉक्टरांना म्हणालो, 'चाळीस टक्क्यांचं काही होईल का?' ते स्पष्ट म्हणाले, 'होणार नाही, आणि होत नाही याचा आनंद माना.' थोरला बाजूलाच बसला होता. घरी येताना तो म्हणाला, 'अण्णा, तुम्ही माझे टक्के वाढावेत म्हणून प्रार्थना करत होता का?' तो हसत होता, पण मला लाज वाटली. एका बाजूला जन्मभराचा हक्क, दुसऱ्या बाजूला धडधाकट माणूस, आणि आमचा पोरगा या दोहोंच्या मधल्या जागेत. अशी मधली मुले पुष्कळ असणार. त्यांच्यासाठी कागदावर रकाना नाही.

ऑगस्टमध्ये त्याचे कार्ड संपले. मग आम्ही सर्वसामान्यांच्या दारात गेलो, आणि ते दार मी समजत होतो तितके बंद नव्हते. ही गोष्ट आपल्या कर्नाटकातलीच आहे, म्हणून सांगतो. गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर-नर्सला शिकवून मनाच्या आजारावर तिथेच औषध द्यायचे, हा प्रयोग बंगळूरच्या निमहान्स संस्थेने १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात केला. त्याच धर्तीवर १९९६ साली देशभरासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१४ पासून कर्नाटकात तालुक्याच्या रुग्णालयांत ठरलेल्या मंगळवारी मनाचे डॉक्टर पाठवायची मनोचैतन्य योजना निघाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून हा उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला, आणि रुग्णाची माहिती गुप्त राखणेही. 'मुलीच्या लग्नात अडचण येईल' म्हणून जे घरात बसतात त्यांनी हे दुसरे कलम ध्यानात ठेवावे. थोरला आता सरकारी दवाखान्यात जातो. रांग मोठी असते, वेळ जातो, पण औषध चालू आहे.

त्याचे कार्ड परत केले त्या दिवशी माझ्या हातात माझे उरले. त्याच्याकडे पाहताना मला जे कळले ते सहा वर्षांपूर्वीच कळायला हवे होते. मुलाचा हक्क पंचविशीला संपला होता. माझा संपलेला नव्हता. तो मी जिवंत आहे तोवर आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की घर झोपले पाहिजे. घर जागवणारा मी होतो. मुलाच्या नावावरची मदत मी सगळीकडे शोधत होतो, आणि तिचा मोठा भाग माझ्या नावावर पडून होता.

पुढच्याच आठवड्यात मी एकटा पॉलिक्लिनिकात गेलो. 'क्या तकलीफ है?' या वेळी पोट म्हणालो नाही. 'बारा साल से रात को जागता हूँ, साब,' एवढे म्हटले आणि खुर्चीच्या हाताला घट्ट धरून बसलो. चिठ्ठी मिळाली. औषध चालू आहे, आणि महिन्यातून दोनदा एका बाईंशी बोलायला जातो. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत. कुपवाड्यातल्या एका पहाटेविषयी मी पत्नीलाही सांगितले नव्हते, ते त्यांना सांगितले. नंतर घरी येऊन पत्नीला सांगितले. थोरला दाराशी उभा राहून ऐकत होता. मी त्याला जा म्हटले नाही.

सगळे बरे झाले असे नाही. थोरल्याचे महिन्यातले चार-सहा दिवस अजून वाईट जातात. मी अजून भिंतीला पाठ लावूनच बसतो. पण कडी आता एकदाच पाहतो, आणि ती लावायचे काम थोरल्याकडे दिले आहे. गेल्या दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हा मी उठून आतल्या खोलीकडे निघालो. तो म्हणाला, 'अण्णा, कुठं निघालाव?' मी म्हणालो, 'आवाज सोसत नाही रे.' डोके दुखते असे म्हणालो नाही. तो आत आला, दार लोटून घेतले आणि माझ्याजवळ बसला. आम्ही दोघांनी तिथेच फराळ केला.

पत्नीने कालनिर्णयाच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, एक आकडा मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे: १४४१६. टेलिमानस नावाची ही सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. पैसे पडत नाहीत, रात्रीही चालते, आणि मराठीतही बोलता येते, कन्नडातही. फौजेतल्यांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी २०२३ च्या डिसेंबरात पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात या सेवेचा खास कक्षही उघडला. आमच्या घरी हा आकडा दोनदा फिरवला गेला आहे. एकदा थोरल्याने, एकदा मी.

आपल्या सीमाभागात, भालकी-औरादपासून आळंदपर्यंत, फौजेतून आलेली पुष्कळ घरे आहेत. त्यातल्या एखाद्या घरात रात्री दोनला दिवा दिसला, तर अभ्यास चालला असेल असे म्हणून पुढे जाऊ नका. सकाळी चहाच्या निमित्ताने जा आणि विचारा, रात्री कोण जागे होते? पोराला विचारा, आणि त्याच्या बापालाही.

यंदाच्या कोजागिरीला गच्चीवर दूध आटवले. बारा वाजेपर्यंत आम्ही चौघे वर होतो. मग थोरला जांभई देत म्हणाला, 'मी जातो झोपायला.' त्याच्या मागोमाग मीही खाली उतरलो.